फायब्रोमायल्जिया: रिपोर्ट नॉर्मल, तरी सर्वांग का दुखते?

"डॉक्टर, अंग नुसतं आंबून गेलंय. मान, खांदे, कंबर, मांड्या, एक जागा दुखायची राहिली नाही. रात्रभर झोपते, पण सकाळी उठल्यावर वाटतं, कुणीतरी बडवून काढलंय."

सातारा-सांगली भागातल्या दवाखान्यांत ही तक्रार नेहमी ऐकू येते. मग पिशवीतून रिपोर्टची जाडजूड फाइल बाहेर निघते. ईएसआर नॉर्मल, आरए फॅक्टर निगेटिव्ह, एक्स-रेमध्ये 'वयोमानानुसार झीज', एमआरआयमध्ये विशेष काही नाही. सोबत आलेला नवरा किंवा मुलगा विचारतो, "सगळं नॉर्मल आहे, मग दुखतंय तरी काय?" त्याच्या मनातला खरा प्रश्न बऱ्याचदा वेगळा असतो: "हिला खरंच दुखतंय का?"

हो, खरेच दुखते. या दुखण्याला नाव आहे, निदानाची पद्धत आहे आणि उपचारही आहेत. मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा जे उपचार आधी होतात, म्हणजे वेदनाशामक गोळ्या, इंजेक्शन, सलाईन आणि पुड्या, त्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही. तसे का, आणि मग उपयोग कशाचा होतो, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- फायब्रोमायल्जियात तीन महिन्यांहून अधिक काळ शरीराच्या अनेक भागांत दुखते. सोबत थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि विसराळूपणा असतो.
- दुखणे स्नायूंत जाणवते, पण मुख्य बिघाड वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत असतो.
- सर्वांत भक्कम पुरावा हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाचा आहे. औषधे, शेक, मालिश ही त्याला मदत म्हणून आहेत.
- स्टेरॉइड आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्या या आजाराचा उपचार नाहीत.
- या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत, लकवा होत नाही, आयुष्य कमी होत नाही.

हा आजार नेमका काय आहे?

जगभरात साधारण २ ते ३ टक्के लोकांना फायब्रोमायल्जिया असतो. स्त्रियांमध्ये निदान जास्त होते, पण पुरुषांना आणि किशोरवयीन मुलांनाही तो होऊ शकतो. दुखणे शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खालीही असते. कधी ठणका, कधी जळजळ, कधी नुसता जडपणा. आज खांदा जास्त, उद्या मांडी. कुणी सहज दंड धरला तरी कळ येते. थंडीत, पाळीच्या दिवसांत, जागरणानंतर किंवा घरात ताणतणाव झाला की दुखणे वाढते.

त्याच्या जोडीला आणखी काही त्रास असतात: डोकेदुखी, पोट बिघडणे, हातापायांना मुंग्या, मोठा आवाज किंवा झगमगीत उजेड सहन न होणे, "आत्ता काय करायला स्वयंपाकघरात आले होते?" असे वारंवार होणे. हे सगळे वेगवेगळ्या डॉक्टरांना वेगवेगळे दाखवले जाते आणि एकत्र चित्र कुणालाच दिसत नाही. त्यामुळे निदानाला अनेकदा काही वर्षे लागतात.

अंगदुखी हा आपल्या ग्रामीण भागात किती मोठा प्रश्न आहे, हे पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावातल्या पाहणीतून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस केली. त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. सूज आणणारा खरा सांधेवात त्यांतल्या थोड्यांनाच होता. बरेच जण ठोस नाव देता न येणाऱ्या अंगदुखीने किंवा मऊ ऊतकांच्या, म्हणजे स्नायू, कंडरा यांच्या दुखण्याने त्रासलेले होते. या सगळ्यांना फायब्रोमायल्जिया होता असे नाही. पण 'अंग दुखते' म्हणजे 'संधिवात झाला' हे समीकरण चुकीचे आहे, एवढे यातून नक्की कळते.

नावातच झालेली गफलत

आपल्या स्नायूंभोवती, स्नायूंच्या गठ्ठ्यांमध्ये आणि सांध्यांच्या आजूबाजूला तंतूंचे एक पातळ, चिवट वेष्टन असते. याला संयोजी ऊतक म्हणतात. त्यातल्या स्नायूंवरच्या पापुद्र्याला डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट 'फॅशिया' म्हणतात. संत्र्याची साल काढल्यावर फोडींवर पांढरी जाळी आणि पातळ आवरण दिसते, साधारण तसेच.

१९०४ मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' हे नाव दिले. तंतूंना सूज आली असावी, असा त्यामागचा समज होता. पुढे स्नायूंचे आणि संयोजी ऊतकाचे तुकडे तपासले गेले, पण तशी सूज सापडली नाही. म्हणून १९७० च्या दशकात 'सूज' सुचवणारे नाव मागे पडले आणि 'फायब्रोमायल्जिया' हे नाव आले. त्याचा अर्थ एवढाच: तंतू आणि स्नायूंमधली वेदना.

ही जुनी गोष्ट आज तुमच्या कामाची आहे. सूज असेल तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि स्टेरॉइड लागू पडतात. इथे तशी सूजच नाही, म्हणून ती औषधे निष्प्रभ ठरतात. पण उपचाराची सवय मात्र अजून त्या जुन्या समजुतीवर चालते.

मग दुखते कशामुळे?

देवळावरच्या लाऊडस्पीकरचा आवाज कुणी पूर्ण वाढवून ठेवला, तर माइकजवळची साधी कुजबुजही गावभर ऐकू जाते. फायब्रोमायल्जियात मेंदू आणि मज्जारज्जूमधली वेदनेची यंत्रणा अशीच वाढीव आवाजावर अडकलेली असते. स्नायूंकडून आलेला साधा ताण, दाब किंवा गारवाही वेदना म्हणून पोहोचतो. वेदना दाबून ठेवणारी शरीराची स्वतःची व्यवस्थाही कमजोर पडलेली असते.

हे नुसते तर्क नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचे स्कॅन केले. निरोगी माणसाला ज्या दाबाला दुखते, त्यापेक्षा बऱ्याच कमी दाबाला रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग तितकेच उजळलेले दिसले. म्हणजे रुग्ण दुखणे 'वाढवून सांगत' नसतो. त्याच्या मेंदूपर्यंत ते वाढूनच पोहोचते.

झोपेचा संबंधही जुना आणि पक्का आहे. १९७५ मध्ये कॅनडातले डॉ. हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी स्वयंसेवकांची फक्त गाढ झोप आवाज करून मोडली. काही रात्रींतच त्यांचे अंग दुखू लागले, स्नायू हात लावताच दुखू लागले, आणि पुन्हा शांत झोप मिळाल्यावर त्रास उतरला. दुखते म्हणून झोप येत नाही, आणि झोप नाही म्हणून जास्त दुखते. हे चक्र तोडणे हा उपचाराचा मोठा भाग आहे.

स्नायू आणि फॅशिया मात्र अगदीच निर्दोष नसतात. दुखते म्हणून हालचाल कमी होते. हालचाल कमी झाली की स्नायू आखडतात, दुबळे होतात, त्यांत गाठीसारख्या दुखऱ्या जागा तयार होतात. तिथून मेंदूकडे आणखी संदेश जातात. म्हणून उपचार दोन्ही टोकांना करावा लागतो: यंत्रणेचा आवाज कमी करायचा, आणि स्नायूंना पुन्हा कामाला लावायचे.

कामाचे दुखणे की फायब्रोमायल्जिया?

तासगाव भागात द्राक्षाच्या मांडवाखाली तासन्‌तास हात वर करून विरळणी करणाऱ्या बाईचे खांदे आणि मान दुखणारच. भांगलणीला दिवसभर वाकून बसल्यावर कंबर धरते, उसाच्या मोळ्या उचलल्यावर पाठ भरून येते. हे ताणाचे दुखणे बहुधा त्याच भागात असते आणि विश्रांतीने, शेकाने काही दिवसांत उतरते. फायब्रोमायल्जियात हंगाम संपला, महिना दोन महिने घरी बसले, तरी दुखणे उतरत नाही. ते सर्वांगाचे असते आणि झोपेनंतरही थकवा जात नाही. एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात आणि तेव्हा दोन्हींवर उपचार लागतात.

निदान कसे होते?

फायब्रोमायल्जिया दाखवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन आज उपलब्ध नाही. निदान तुमच्या सांगण्यावर आणि डॉक्टरांच्या तपासणीवर होते. पूर्वी, १९९० च्या निकषांनुसार, शरीरावरच्या १८ ठरलेल्या जागा दाबून त्यांतल्या किमान ११ दुखतात का हे पाहत. २०१० मध्ये ही पद्धत बदलली आणि २०१६ मध्ये निकष आणखी सुधारले. आता डॉक्टर मुख्यतः हे विचारतात:

- गेल्या आठवड्यात शरीराच्या १९ भागांपैकी किती भागांत दुखले?
- थकवा, झोपेतून उठल्यावरची मरगळ आणि लक्ष न लागणे यांची तीव्रता किती?
- डोकेदुखी, पोटात कळा, उदासपणा आहे का?
- हे सगळे किमान तीन महिने चालू आहे का?

तपासण्या लागतात त्या दुसरे आजार शोधण्यासाठी. साधारणपणे हिमोग्राम, ईएसआर, सीआरपी, साखर आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी पुरते. गरजेनुसार ड जीवनसत्त्व, बी १२, कॅल्शियम किंवा स्नायूंचे सीपीके पाहिले जाते. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, ड जीवनसत्त्वाच्या अभावाने मऊ झालेली हाडे, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांमुळे होणारी स्नायूदुखी, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे, ही सगळी सर्वांगदुखीची कारणे आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

चिकनगुनियाची आठवणही डॉक्टरांना आवर्जून सांगा. २००६ च्या मोठ्या साथीनंतर महाराष्ट्रात अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. त्यात काहींना खरोखर सांध्यांना सूज असते, तर काहींचे दुखणे हळूहळू फायब्रोमायल्जियाच्या वळणावर जाते. दोन्हींचे औषध एक नाही.

एक लक्षात ठेवा. संधिवात असलेल्या व्यक्तीलाही फायब्रोमायल्जिया असू शकतो. सांध्यांची सूज उतरली, रिपोर्ट सुधारले, तरी सर्वांग दुखतच असेल, तर संधिवाताची औषधे वाढवण्याआधी ही शक्यता तपासून घ्या.

उपचार १: हालचाल हेच मुख्य औषध

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळ्या उपचारांचा पुरावा तपासला, तेव्हा ठाम शिफारस फक्त एकाच उपचाराची केली: व्यायाम. बाकी अनेक उपचारांना 'काहींना उपयोगी' असा दर्जा मिळाला.

हे ऐकून अनेकजणी म्हणतात, "दिवसभर राबतेच की मी, आणखी व्यायाम कशाला?" घरकामात आणि शेतीत तेच ते स्नायू, त्याच वाकड्या स्थितीत ताणले जातात. व्यायामात सगळे स्नायू लयीत, मोजून, विश्रांती देत हलवले जातात. मज्जासंस्थेवर होणारा परिणाम वेगळा असतो.

सुरुवात अगदी थोड्यापासून करा:

- पहिला आठवडा: रोज ५ ते १० मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे. चालताना बोलता यायला हवे.
- दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवा. दोन-तीन महिन्यांत ३० मिनिटांपर्यंत, आठवड्यातून बहुतेक दिवस.
- महिन्याभराने आठवड्यातून दोनदा ताकदीचे हलके व्यायाम: खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणे.
- हलकी योगासने, दीर्घ श्वसन, शवासन यांचाही उपयोग होतो. कोमट पाण्याचा तलाव मिळाला तर पाण्यातले व्यायाम उत्तम.

साताऱ्यात राहत असाल तर पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा चढू नका. सांगलीत आमराईची एक छोटी फेरी पुरे. सुरुवातीला दोन-तीन दिवस दुखणे थोडे वाढेल. त्याचा अर्थ स्नायू फाटतायत असा नाही. वाढलेले दुखणे दोन दिवसांत उतरले नाही तर वेळ निम्मा करा, पण बंद करू नका. ज्यांचे सांधे नेहमीपेक्षा जास्त वाकतात, त्यांनी ताणण्याचे व्यायाम बेताने करून ताकदीच्या व्यायामावर भर द्यावा.

कामाची वाटणी: मुक्काम ठरवा

या आजारात एक चूक हमखास होते. बरे वाटले त्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकायची, गोधड्या धुवायच्या, घर झाडून काढायचे, आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. मग पुन्हा बरे वाटले की तेच.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते. लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम ठरलेले असतात, मध्ये विसावे असतात. पायांत बळ आहे म्हणून पालखी कधी दोन मुक्काम एका दिवसात गाठत नाही. तसेच करा. दुखायला लागल्यावर थांबण्याऐवजी घड्याळ पाहून थांबा. अर्धा तास काम, पाच-दहा मिनिटे बसणे. चांगल्या दिवशीही तेवढेच, वाईट दिवशीही थोडे तरी. पोळ्या लाटताना उंच स्टूल, भांगलणीला अधूनमधून उठून उभे राहणे, विरळणीला शक्य तिथे घोडा किंवा पाट वापरून हात खाली ठेवणे, यानेही फरक पडतो.

उपचार २: झोप

- उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्री कितीही उशीर झाला तरी.
- दुपारची झोप टाळा किंवा २० मिनिटांवर ठेवा.
- संध्याकाळी पाचनंतर चहा नको.
- झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला.
- मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा पाय सतत हलवावेसे वाटणे असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावर वेगळे उपचार आहेत.

उपचार ३: औषधे

कोणतेही औषध हा आजार मुळापासून काढत नाही. काहींना चांगला आराम पडतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही. मुख्यतः तीन औषधे वापरली जातात:

- अमिट्रिप्टिलिन: रात्री, अगदी कमी मात्रेत, बहुधा १० मिलिग्रॅमपासून. झोप आणि दुखणे दोन्हींना मदत होते. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, सकाळी गुंगी येऊ शकते. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर आधी सांगा.
- ड्युलोक्सेटिन: उदासपणाही असेल तर विशेष उपयोगी. सुरुवातीला मळमळ होते. यकृताचा आजार असेल तर टाळतात.
- प्रीगाबालिन: झोप सुधारते. चक्कर, पायांना सूज, वजन वाढणे हे त्रास होऊ शकतात. वाहन चालवणाऱ्यांनी आणि उसाच्या कामात कोयता हाताळणाऱ्यांनी सुरुवातीला जपावे.

यातली पहिली दोन औषधे उदासपणासाठीही वापरली जातात. औषधाच्या दुकानात कुणी म्हणते, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे," आणि घरी येऊन गोळी कपाटात जाते. ती तुम्हाला 'वेड लागले' म्हणून दिलेली नाही. वेदना दाबून ठेवणाऱ्या मज्जातंतूंना लागणारी रसायने वाढवते, म्हणून दिली आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगाबालिन अचानक बंद करू नका. ट्रामाडॉल कुणी दिले असेल तर या गोळ्यांसोबत घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, एकत्र घेतल्यास धोका होऊ शकतो.

उपचार ४: स्नायू आणि संयोजी ऊतकावरचे उपचार

हे उपचार रुग्णांना सर्वांत जवळचे वाटतात, कारण जिथे दुखते तिथेच हात लागतो. त्यांची योग्य जागा अशी:

- शेक: १५-२० मिनिटे गरम पाण्याची पिशवी किंवा कोमट पाण्याची अंघोळ. व्यायामाआधी घेतल्यास हालचाल सोपी होते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर चटक्याची काळजी घ्या.
- मालिश: हलक्या हाताने. 'जोर लावल्याशिवाय गाठ सुटत नाही' म्हणून पायाने तुडवून घेतलेली मालिश दुसऱ्या दिवशी अंथरुणावर टाकते.
- फॅशिया सैल करण्याची पद्धत: फिजिओथेरपिस्ट आखडलेल्या भागावर हळू, स्थिर दाब देऊन तो सोडवतो. काहींना काही आठवडे चांगला आराम मिळतो. या आरामाच्या काळात व्यायाम वाढवून घेतला तरच फायदा टिकतो.
- गाठीतले इंजेक्शन किंवा कोरडी सुई: मान-खांद्यात एखादी ठळक दुखरी गाठ असेल तर तेवढ्यापुरते उपयोगी. सर्वांगाच्या दुखण्यावर इलाज नाही. छातीजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून प्रशिक्षित व्यक्तीकडेच.
- टेन्स यंत्र: त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य विद्युत लहरी देतात. हालचाल करताना होणारे दुखणे काहींना कमी जाणवते.

झटका देऊन मणका बसवून घेणे, डाग देणे यांपासून दूर राहा.

हे टाळा

पुड्या आणि बिनलेबलाच्या गोळ्या. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. म्हणूनच पहिल्या दिवशी जादू झाल्यासारखे वाटते. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, वजन, साखर आणि रक्तदाब वाढतो, त्वचेवर निळे डाग पडतात, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनणे थांबलेले असू शकते आणि अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. न लाजता दाखवा.

रोजच्या वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅकसारख्या गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, पण पोटात व्रण आणि मूत्रपिंडाचे नुकसान करतात. उन्हात पाणी कमी पिऊन काम करणाऱ्यांना हा धोका जास्त.

ताकदीचे सलाईन. मीठ-साखरेच्या पाण्याने वेदनेची यंत्रणा सुधारत नाही. बी १२ ची इंजेक्शनेही कमतरता असेल तरच.

कुठे दाखवायचे?

दर वेळी पुण्याला जाण्याची गरज नाही. जवळच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांना हे निदान करता येते. साताऱ्यातले क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीतले वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा रुग्णालय ही या भागातली मोठी रुग्णालये आहेत. मेडिसिन विभागात दाखवून फिजिओथेरपीची चिठ्ठी आवर्जून मागा. सांध्यांना सूज असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल तर संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

जाताना एका कागदावर लिहून न्या: कुठे-कुठे दुखते, किती महिन्यांपासून, झोप कशी आहे, आणि आजवर घेतलेली सगळी औषधे, पुड्यांसह.

घरच्यांसाठी

हा आजार दिसत नाही. प्लास्टर नाही, सूज नाही, ताप नाही. म्हणून "कामाचा कंटाळा आलाय" हे वाक्य सहज तोंडून निघते आणि ते दुखण्यापेक्षा जास्त लागते. दुसरे टोकही चुकीचे आहे: "तू झोपून राहा, काहीच करू नकोस." त्याने स्नायू आणखी दुबळे होतात.

मदत करायची असेल तर जड कामे वाटून घ्या, आणि रोजच्या चालण्याला सोबत जा. पाण्याची घागर, गोधड्या, गिरणीचे दळण कुणीतरी उचलावे. सुनेला दुखत असेल तर सासूबाईंनी, सासूबाईंना दुखत असेल तर सुनेने एवढे म्हणावे: "दिसत नसलं तरी दुखतंय, हे कळलंय मला."

सततच्या दुखण्याने मन खचते. रडू येणे, जगणे नकोसे वाटणे असे विचार येत असतील तर लपवू नका. शासनाच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येते.

ही लक्षणे असतील तर लगेच दाखवा

- सांध्यांना दिसणारी सूज, लाली, सकाळी तासभराहून जास्त ताठरपणा
- ताप, रात्री घाम, कारण नसताना वजन घटणे
- हातापायातली ताकद कमी होणे, जिना चढता न येणे
- लघवी-संडासवरचा ताबा जाणे
- वयाच्या पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले खांदे-मांड्यांचे दुखणे, विशेषतः डोकेदुखी किंवा नजरेत बदल असेल तर

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा आजार पूर्ण बरा होतो का?
बहुतेकांत तो कमी-जास्त होत राहतो. पण व्यायाम, झोप आणि योग्य औषधे जमली की अनेकजण रोजची कामे नीट करू शकतात.

वातूळ पदार्थ बंद करावेत का?
बटाटा, वांगे, हरभराडाळ किंवा दही बंद केल्याने हा आजार बरा होतो असा पुरावा नाही. उलट पथ्याच्या नावाखाली डाळी, दूध, अंडी सुटली तर स्नायू आणखी दुबळे होतात.

हळदीचे दूध घेऊ का?
सांगली म्हणजे हळदीची पेठ, त्यामुळे हा प्रश्न येतोच. जेवणातली हळद खुशाल खा. फायब्रोमायल्जियावर ती औषध ठरल्याचा भक्कम पुरावा नाही. हळदीच्या अर्काच्या जास्त ताकदीच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे, त्या स्वतःहून सुरू करू नका.

मुलीला होईल का?
काही घरांत हा आजार जास्त दिसतो, पण मुलांना होईलच असे नाही.

फरक पडायला किती दिवस?
आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजा. तीन महिन्यांपूर्वी किती मिनिटे चालता येत होते आणि आज किती, हे वहीत लिहून ठेवा. दुखण्याचा आकडा उतरण्याआधी बहुधा हा आकडा वाढलेला दिसतो, आणि सुधारणा सुरू झाल्याची ती पहिली खूण असते.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. गर्भवती असाल, स्तनपान करत असाल किंवा मूल होण्याचा विचार असेल तर तसे त्यांना आधी सांगा.*